जुव्यावरच्या उवा

होडीत पाय टाकण्यापूर्वी सर सदरा बदलत. धक्क्यावर, चारचौघांच्या देखत. अंगातला सदरा काढून, त्याची नीट घडी घालून तो चहाच्या टपरीत ठेवायला देत. घट्ट झाकणाच्या डब्यातून उकळून वाळवलेला दुसरा सदरा काढून घालत. ओल्या पंचाने डोके आणि मान पुसत. आणि एवढे सगळे झाल्यावर होडीत चढत. सारा प्रकार चार मिनिटांचा असे. खाडी ओलांडून देणाऱ्या होडीला आमच्याकडे तर म्हणतात. तरीतली माणसे ती चार मिनिटे निमूटपणे थांबत, कारण सर चढेपर्यंत पांडू तांडेल इंजिनाला हात लावत नसे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला पंधरा दिवस झाले होते आणि पटनोंदणीसाठी मला पलीकडच्या जुव्यावर जायचे होते. सर आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवत. आमची तोवर नुसती तोंडओळख होती. बटणे लावता लावता त्यांनी मला पाहिले, अजिबात न संकोचता नमस्कार केला आणि म्हणाले,

"बाई, पदर झटकून बसा."

मी झटकला. नोकरी नवीन होती.

"घाबरू नका ओ बाई," पांडू म्हणाला. "सर याडे नाय. जुव्यावर ऊ जाऊ नये म्हनून करतात."

"कोणाची ऊ?"

"सातभायांची. मानसांच्या उवांचं सरांना काय नाय. त्या खुशाल जाऊ देत."

जुवे म्हणजे खाडीतले लहान बेट. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही; घाटावर लागतो, आणि तो वेळेवर न सांगितल्यामुळे काय झाले ते पुढे येईलच. आमच्या खाडीतल्या जुव्यावर पंचवीसेक घरे आहेत, माड आहेत, थोडे आंबे-काजू आहेत, कातळाचा एक उंचवटा आहे, चौथीपर्यंतची एक शाळा आहे आणि सातभाई पक्ष्यांचे मोजके थवे आहेत. हे पक्षी वाचकांनी पाहिलेले असतात: मातकट रंगाचे, सहा-सात जणांच्या टोळीने पाचोळा उलथत हिंडणारे आणि अखंड कलकलाट करणारे. पक्षिशास्त्र त्यांना गायक पक्ष्यांच्या वर्गात बसवते. हे ऐकून कोणी हसले, की सर म्हणत, "वर्गात बसवलंय. पास झालेत असं कुठे म्हटलंय?"

सरांचा सारा ध्यास या गायकांच्या अंगावरच्या उवांचा होता. सातभाईंवर त्यांना दोन प्रकारच्या उवा सापडत. एक लांबट, ती पंखांच्या पिसांमधल्या खाचेत आडवी पडून राहते. दुसरी वाटोळी, थोराड डोक्याची. ती पक्ष्याच्या डोक्यावर राहते, कारण पक्ष्याला चोचीने सारे अंग साफ करता येते, फक्त स्वतःचे डोके तेवढे येत नाही. सातभाई यावर उपाय म्हणून फांदीवर खेटून बसतात आणि एकमेकांचे डोके पाहतात. तरीही काही उवा उरतातच. खाडीच्या अलीकडे, आरे-वारेपासून पालीपर्यंत सरांनी जिथे जिथे सातभाई तपासले, तिथे दोन्ही उवा होत्या. जुव्यावर मात्र फक्त लांबट होती. वाटोळी नव्हती.

हे शेवटचे वाक्य सरांनी लाल शाईने खोडले असते. "नव्हती असं लिहू नका, बाई. सापडली नाही, असं लिहा." हा भेद त्यांना प्राणाइतका प्रिय होता. विद्यार्थ्याने "सर, माझ्या डब्यात चमचा नाही" म्हटले, की ते विचारत, "नाही, की सापडला नाही?" एकदा हजेरीच्या वेळी मी एका मुलाच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि तो मागच्या बाकाखाली पडलेले पेन शोधत असल्याचे नंतर उघड झाले. तेव्हा सर मला अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हजेरीपटात 'दिसला नाही' असा तिसरा रकाना हवा. आपण शिक्षक फार घाई करतो."

हजेरीपट हा त्यांच्या उपपत्तीचाही गाभा होता. फार पूर्वी कधीतरी, वाऱ्याने म्हणा किंवा वणव्याने म्हणा, सातभाईंची एखादी टोळी खाडी ओलांडून जुव्यावर आली असावी. या पक्ष्यांचे पंख आखूड. एवढे पाणी ते सहसा ओलांडत नाहीत. आले ते तिथलेच झाले. त्यांच्या अंगावर ज्या उवा होत्या त्या जुव्यावर पोहोचल्या. ज्या नव्हत्या त्या राहिल्या. उवेला पंख नाहीत, पोहता येत नाही; एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, एवढाच तिचा प्रवास. "म्हणजे," सर वर्गात सांगत, "जुव्यावरच्या उवांची यादी हा पहिल्या दिवसाचा हजेरीपट आहे. लांबट, हजर. वाटोळी, हाक मारली, उत्तर आलं नाही. तिची तर चुकली." पुढे वर्गात उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एवढेच म्हणत, "काय, तर चुकली?" आणि मुले हसत.

मग सदरा बदलण्याचे कारणही सहज समजते. एवढ्या काळात न झालेली गोष्ट सरांच्या हातून एका फेरीत होऊ शकली असती. अलीकडच्या पक्ष्यावरची वाटोळी ऊ त्यांच्या बाहीवरून किंवा पिशवीतून पलीकडे गेली असती, तर तो हजेरीपट कायमचा खोटा झाला असता. "बाई, मीच तिची तर होईन," ते म्हणत. म्हणून पक्षी ठेवायच्या कापडी पिशव्याही दोन जातींच्या होत्या. अलीकडच्या पिशव्यांना लाल दोरा, जुव्यावरच्यांना पांढरा. पांढऱ्या दोऱ्याच्या पिशव्या जुव्यावरून कधीच परत येत नसत. त्या तिथल्या भागीकाकूंच्या घरी आढ्याला टांगलेल्या असत आणि दर खेपेनंतर काकू त्या स्वतः उकळत. लाल दोऱ्याच्या पिशव्या सरांच्या घरी उकळल्या जात. त्यांच्या पत्नीने त्यासाठी एक पातेले कायमचे सोडून दिले होते आणि चुकून त्यात भात शिजू नये म्हणून त्यावर रंगाने 'उवा' असे लिहिले होते.

शिक्षककक्षात अर्थातच चेष्टा चाले. मराठीचे शिक्षक रोज मधल्या सुट्टीत विचारत, "काय सर, लिखाण कसं चाललंय?" आणि 'लिखा'वर असा जोर देत, की चहा पिणाऱ्यांना ठसका लागे. सर शांतपणे उत्तर देत, "उत्तम. तुमच्यापेक्षा माझं लिखाण जास्त दिवस चिकटून राहील."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी: शाळेची घंटा. एकदा शिपायाने तास संपल्याची घंटा दोन मिनिटे आधी दिली. सारी शाळा वऱ्हांड्यात आली. सरांचा वर्ग आला नाही. ती दोन मिनिटे त्यांनी शिकवून पूर्ण केली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "घंटा म्हणजे बातमी असते, साहेब. तास संपला, ही बातमी. तास संपलेला नसताना ती दिली, तर ती खोटी बातमी. माझ्या वर्गाने खोट्या बातमीवर का विश्वास ठेवायचा?" पुढे शिपाई शांताराम घंटेचा दांडा हातात घेतला, की आधी सरांच्या खिडकीकडे पाहत असे. सर मनगटावरचे घड्याळ पाहत, मान हलवत, आणि मग टोल पडे.

आता घाटावरचा किस्सा.

पक्षी धरण्यासाठी सरकारी परवानगी लागते आणि ती काही वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. अशाच एका खेपेला सरांचा अर्ज घाटावरच्या एका कार्यालयात गेला. अर्जाचा विषय होता: 'जुव्यावरील सातभाई व त्यांच्या उवा यांबाबत'. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले, तर 'जुवे' या शब्दाचे सामान्यरूप 'जुव्या' होते आणि जुगार या अर्थाच्या 'जुवा' या शब्दाचेही 'जुव्या'च होते. अर्ज वाचणाऱ्या गृहस्थांनी दुसरा अर्थ घेतला, 'सातभाई' हा शब्द तोडून वाचला, आणि कागद पोलिसांकडे पाठवून दिला.

आठवड्याने एक हवालदार शाळेत आले. तेही घाटावरून नुकतेच बदलून आलेले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावले. मी उत्तरपत्रिका द्यायला तिथे आले होते, ती तिथेच थांबले.

"ह्यो अर्ज तुमचाच?"

"माझाच."

"जुवा कुठं हाय?"

"खाडीत."

"म्हंजे होडीत बसून?"

"होडीत बसूनच जावं लागतं."

हवालदारांनी ते टिपून घेतले. "आन् हे सात भाई. नावं सांगा."

"नावं नाहीत. पायातल्या कड्यांवरून ओळखतो."

"कड्या? म्हंजे आधी आत जाऊन आल्यात म्हणा की!"

"आम्हीच घेतो आत. जाळं लावून. पाच-दहा मिनिटं ठेवतो आणि सोडून देतो."

"सोडून देता? कुणाच्या हुकमानं?"

"त्याच हुकमासाठी तर हा अर्ज आहे."

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. मी भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा हवालदारांना दाखवला, खाडीतल्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि सामान्यरूपाची भानगड सांगितली. ते आधी नकाशाकडे, मग सरांकडे पाहत राहिले आणि एकदम एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारच्या वर्गातला पाढा थांबला. "मग सरळ बेट लिवा की, गुरुजी!"

"बेट लिहिलं की कोणतं ते कळत नाही," सर म्हणाले. "शब्द इथला आहे, तो इथेच राहील. ज्याला कळत नाही त्याने विचारावं. तुम्ही विचारलंत, हे फार चांगलं केलंत."

परवानगी मिळाली. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक अर्जाखाली सर एक तळटीप देत: 'जुवे म्हणजे खाडीतील बेट. तेथे जुगार खेळला जात नाही.' पांडूला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "गनपतीत खेळतात थोडा. पन सातभाय नसतात त्यात."

एवढ्या सगळ्यातून सरांच्या बारा वह्या झाल्या, वर्षाला एक. त्यांतल्या निष्कर्षांवर त्यांनी निसर्गप्रेमींच्या एका लहानशा नियतकालिकात दोन पाने लिहिली, ती कोणी वाचली असतील असे आम्हांला वाटत नव्हते. पण एका मार्चमध्ये पुण्याहून एक तरुण संशोधक बाई आल्या. बेटांवरच्या पक्ष्यांच्या अंगावर आणि रक्तात राहणारे परजीवी हाच त्यांचा विषय होता. त्यांना आम्ही मॅडम म्हणू लागलो. त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"सर, तुमचं निरीक्षण बरोबर असेल, तर आमच्या संशोधनात त्याला मोठी जागा आहे. तुमच्या नावासकट. पण मला स्वतः पाहायला हवं."

"पाहायलाच हवं," सर म्हणाले. त्यांना इतके आनंदलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा-सात आठवडे उरले होते.

मॅडम जुव्यावर गेल्या त्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि सरांची पर्यवेक्षणाची पाळी होती. पाळी बदलून घेणे सरांना शक्य होते. बदलून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी सूचनांचा कागद लिहून दिला: सदरा, पंचा, पांढरा दोरा. संध्याकाळी मॅडम शाळेत आल्या, त्यांच्या हातात काचेची एक कुपी होती आणि चेहरा उतरलेला होता.

सरांनी कुपीतला ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ पाहिले.

"वाटोळीच आहे."

"जुव्यावरच्या पक्ष्याची," मॅडम म्हणाल्या. "पायात लाल-पिवळी कडी. सर, मला फार वाईट वाटतंय. पण मी पुण्याला कळवलंय. आमचे प्रमुख म्हणाले, मग ते निरीक्षण वगळा."

सरांनी बारावी वही उघडली, तारीख घातली, आणि ज्या रकान्यात बारा वर्षे दोन शब्द लिहिले होते, तिथे एकच शब्द लिहिला: 'सापडली.' अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले होते. मॅडम हात धुवायला गेल्या, तेव्हा ते माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं असेल तर ते सोपं आहे, बाई. पण ती मीच तिथे नेली असेल तर?"

मला पक्ष्यांतले काही कळत नाही. मला रकाने कळतात. मी मॅडमची नोंदवही मागून घेतली. ती उत्तम ठेवलेली होती: वेळ, जागा, कडीचा रंग, पिशवीचा क्रमांक. सकाळी सव्वासातला आरे-वारेच्या रस्त्यालगतच्या बागेत त्यांनी एक सातभाई धरला होता, पिशवी क्रमांक चार. दुपारी साडेबाराला जुव्यावर लाल-पिवळा सातभाई. पिशवी क्रमांक चार.

मी बोट ठेवले. मॅडमनी पाहिले आणि त्या खाली बसल्या.

"मी ती झटकली होती. सरांच्या पांढऱ्या पिशव्या त्या काकूंकडून घ्यायच्या राहिल्या. मला वाटलं, एवढं काय!"

मी सरांकडे पाहिले. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते, तर तेवढ्यावर मिठाई वाटली असती. सर म्हणाले, "तुम्ही क्रमांक लिहून ठेवलात म्हणून बाईंना दिसलं. शाबास. आता शक्यता निर्माण झाली आहे. पुरावा नाही."

"पण सर, ऊ पिशवीतूनच आली, हे उघड आहे!"

"पिशवीतून तपासणीच्या कागदावर आली असेल, किंवा पक्ष्यावरून. आणि एक कागदावर पडली, तर दुसरी पक्ष्यावर चढलीही असेल. तसं असेल तर ती आता जुव्यावर आहे, आणि रात्री सगळे खेटून बसतात, म्हणजे सगळ्या टोळीवर जाईल. अंडी उबायला, वाढायला महिना देऊ. महिन्याने ती सबंध टोळी धरायची. लाल-पिवळ्यासकट. एकही सोडायचा नाही. तुम्ही तपासायचं, मी नाही. जे मिळेल ते पुण्याला कळवायचं."

तो महिना सरांनी कसा काढला, हे मी जवळून पाहिले. त्यांनी एकही तास चुकवला नाही. फक्त मधल्या सुट्टीत ते जुन्या वह्या काढून बसत. एकदा विचारले, "बाई, बारा वर्षांत पिशवी चुकली असेल असं एकदा तरी वाटतं का तुम्हांला?"

"तुमची? शक्य नाही."

"शक्य नाही असं कसं म्हणता? चुकल्याचं आठवत नाही, एवढंच म्हणता येतं." थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "आणि ते पुरेसं नाही."

मराठीच्या शिक्षकांनी त्या महिन्यात लिखाणाची चौकशी केली नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघे धक्क्यावर आलो. मॅडमनी टपरीच्या मागे जाऊन उकळलेला कुर्ता घातला, डोके ओल्या पंचाने पुसले आणि रिकाम्या हातांनी तरीत बसल्या. "आता झालाव जुव्याच्या!" पांडू म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केले.

भागीकाकूंनी नवे मांजरपाट आणून पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, सगळ्यांना पांढरा दोरा. त्या मॅडमच्या हातात देताना त्यांनी महिनाभर साठवलेले एक वाक्य बोलून घेतले: "येवढ्या शिकलेल्या तुमी, आनि येका पिशवीत दोन पाखरं घालताव?" मॅडमनी खाली वाकून नमस्कार केला. काकू वरमल्या. "र्‍हाऊ दे गो. चाय घे."

जुव्यावरच्या शाळेची पडवी आम्ही तपासणीसाठी घेतली होती. पद्धत सरांचीच: फुलांपासून केलेली एक भुकटी पिसांवर टाकायची, तिने उवा गुंगतात; पक्षी पांढऱ्या कागदावर धरून पिसे हलकेच चाळवायची; खाली पडेल ते भिंगाने मोजायचे. मग डोक्यावरचे एकेक पीस फुंकरीने उलगडून पाहायचे. मॅडम तपासणार होत्या, मी नोंद करणार होते. सरांनी वर्गातली एक खुर्ची पडवीच्या भिंतीजवळ नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"हे काय, सर?"

"माझा चेहरा पाहून तुमची मोजणी बदलायला नको."

त्या टोळीत आठ पक्षी होते. दहा वाजायच्या आत सात धरून झाले. प्रत्येकावर लांबट उवा निघाल्या. वाटोळी सापडली नाही. प्रत्येक वेळी मी आकडा मोठ्याने वाचत असे आणि सरांच्या पाठीत काहीही फरक पडत नसे. पण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता, तो लाल-पिवळा जाळ्याजवळ येत नव्हता. काजूच्या झाडावर बसून तो आमच्याकडे पाहत होता.

अर्धा तास गेला. मॅडम म्हणाल्या, "सात झालेत, सर. सातांवर नाही म्हणजे—"

"सापडली नाही," भिंतीकडून आवाज आला. "आणि आठवा हजेरीला आलेला नाही."

शेवटी काम सातभाईंनीच केले. तपासून सोडलेल्यांपैकी एक पुन्हा जाळ्यात अडकला आणि त्याने असा आरडाओरडा मांडला, की सारी टोळी धावून आली. या पक्ष्यांची ही रीतच आहे. एक ओरडला, की बाकीचे मागे राहत नाहीत. लाल-पिवळा सगळ्यांच्या पुढे होता. तो जाळ्यात शिरला तेव्हा भागीकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि पांडू आपली होडी सोडून वर आलेला होता.

मॅडमचे हात स्थिर होते. भुकटी, कागद, पिसे. लांबट अकरा निघाल्या. मग त्यांनी डोके घेतले. कपाळ, कानामागची बाजू, मानेचा काटा. एक एक पीस उलगडत गेले. संपल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. भिंग माझ्याकडे दिले, मी पाहिले. पुन्हा त्यांनी पाहिले, मग पुन्हा मी. कौलांवरून एक खार पळाली ती सगळ्यांना ऐकू आली.

त्यांनी पक्षी सोडला. तो काजूवर जाऊन बसला आणि शेजाऱ्याने लगेच त्याचे डोके पाहायला सुरुवात केली. मॅडमनी माझ्या हातून सरांची बारावी वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहू लागल्या.

"काय लिहिताय?" सरांनी भिंतीला विचारले.

"सापडली नाही."

"किती वेळा पाहिलंत?"

"तीनदा."

"बाई?"

"दोनदा, सर."

सर उठले. वही हातात घेऊन त्यांनी नोंद वाचली, महिन्यापूर्वीची स्वतःची 'सापडली' वाचली, आणि तिच्यापुढे लहान अक्षरात लिहिले: 'पिशवी क्रमांक चार.'

"सर," मॅडम म्हणाल्या, "हे सगळं जसंच्या तसं छापायचं. पिशवी चारसकट. तुमचं नाव आधी. आणि शब्दही तोच, जुवे. आता तरी सरळ 'नाही' लिहू या ना?"

"नको," सर म्हणाले. "आहे तेवढं खूप आहे."

मग ते पडवीच्या टोकाला गेले. तिथे आढ्याला लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. ती त्या शाळेची घंटा. शेजारी खुंटीला लोखंडी दांडा. सरांनी दांडा काढला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले नाही, आणि टोल दिला. मग दुसरा. मग शाळा सुटताना देतात तसे एकामागून एक, न मोजता. सातभाईंची आख्खी टोळी कलकलाट करत उठली. घराघरांतून माणसे बाहेर आली. खालच्या वाडीतून कोणीतरी ओरडले, "काय झालं ओ?"

"सापडली नाय!" भागीकाकूंनी हात उंचावून सांगितले. "सरांची ऊ सापडली नाय!"

"नाय सापडली!" पांडू खाडीकडे तोंड करून ओरडला, आणि समोरच्या धक्क्यावर तरीची वाट पाहणाऱ्या लोकांनी, कशासाठी ते न कळताच, हात हलवले.

सर टोल देत राहिले. मी सवयीने घड्याळ पाहिले. अकरा वाजून सतरा मिनिटे झाली होती. कोणताही तास सुरू होण्याची किंवा संपण्याची ती वेळ नव्हती. बातमी मात्र खरी होती.